एकाच दिवसात ऊन, पाऊस आणि थंडी: मोटारसायकल प्रवासासाठी जॅकेट व पँट कशी निवडावी?

प्रश्न

नमस्कार. गेली सहा वर्षे मी मोटारसायकलवरून लांबचे प्रवास करतो आहे, परंतु सलग बारा दिवसांची आखणी प्रथमच केली आहे. वाटेत कडक उन्हाचा सपाटीचा पट्टा आहे, पावसाची दाट शक्यता असलेला डोंगराळ भाग आहे आणि सुमारे २,५०० मीटर उंचीवरची एक खिंडही आहे. म्हणजे सकाळी ३५ अंश सेल्सिअस आणि संध्याकाळी १० अंशांच्या आसपास, असे एकाच दिवसात घडू शकते. सामानासाठी दोन बाजूंच्या पेट्या आणि टाकीवरची एक लहान पिशवी एवढीच जागा आहे.

माझे सध्याचे जॅकेट तीन थरांचे आहे. बाहेरून जाड पॉलिस्टर, आत चेनने जोडायचे जलरोधक अस्तर आणि त्याच्याही आत उबदार अस्तर. विकत घेताना ते पूर्णपणे जलरोधक असल्याचे मला सांगण्यात आले होते. मागच्या पावसात चार तास सलग भिजण्याची वेळ आली, तेव्हा अनुभव वेगळा आला. आतला शर्ट कोरडा राहिला हे खरे, पण बाहेरचे कापड तासाभरातच पाणी पिऊन जड झाले, खिशातले कागद लगदा होऊन निघाले आणि पाऊस थांबल्यानंतरही पुढचे दोन तास मी काकडत होतो. मुक्कामी पोचलो तेव्हा बोटे इतकी आखडली होती की हेल्मेटचा पट्टा सोडवण्यासाठी दुसऱ्याची मदत घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी जॅकेट ओलेच होते आणि तेच अंगावर चढवून निघावे लागले.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. अंग कोरडे असतानाही एवढी थंडी का वाजली? आणि नवीन जोड घेताना सर्व हवामानांत चालणारे एकच महागडे लॅमिनेटेड जॅकेट व पँट घ्यावी, की वेगवेगळे थर जमवावेत? ज्यांनी अशा हवेत प्रत्यक्ष प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


प्रतिसाद १

आपल्या पहिल्या प्रश्नातच दुसऱ्याचे उत्तर बरेचसे दडलेले आहे, म्हणून आधी तिथून सुरुवात करतो.

आपल्या जॅकेटमध्ये पाणी अडत होते, पण ते चुकीच्या जागी अडत होते. जलरोधक पडदा सर्वांत आत असल्यामुळे बाहेरचे जाड कापड, त्यातील जाळी, खिसे आणि आर्मरभोवतीची (म्हणजे सांध्यांवरच्या आघात शोषणाऱ्या गाद्यांभोवतीची) पोकळी हे सगळे स्पंजासारखे भरले. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. शांत बसलेल्या माणसाचे शरीर तासाला साधारण ३५० ते ४०० किलोज्यूल उष्णता निर्माण करते. वाफ होण्यासाठी लागणारी बरीचशी उष्णता वाऱ्यातून मिळते, पण काही भाग आपल्या अंगातून ओढला जातोच, आणि ओल्या कापडातून उष्णता कोरड्या कापडापेक्षा कितीतरी वेगाने बाहेर जाते. पाऊस थांबला तरी कापड वाळेपर्यंत हा व्यवहार चालू राहतो. म्हणूनच आपण पाऊस थांबल्यानंतरचे दोन तास काकडत होता.

दुसरा परिणाम याहून कमी लक्षात येतो. जलरोधक पडदा घामाची वाफ बाहेर सोडतो तो आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातील फरकाच्या जोरावर. ताणून सच्छिद्र केलेल्या पीटीएफईचा (टेफ्लॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्लास्टिकचा) शोध रॉबर्ट गोर यांना १९६९ मध्ये लागला आणि त्यातूनच गोर-टेक्स हा पडदा तयार झाला. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबाला अडवतात आणि वाफेला जाऊ देतात. पण पडद्याच्या बाहेर ओल्या कापडाचा जाड थर चिकटून बसला, तर वाफेला जायला वाटच उरत नाही. मग आपलाच घाम आत साचतो आणि ‘जॅकेट गळते’ अशी तक्रार होते. मी स्वतः एकदा असेच गळके समजून एक जॅकेट परत करायला निघालो होतो. घरी ते उलटे करून बाहीत पाणी भरले आणि रात्रभर टांगून ठेवले, तर सकाळी एक थेंबही बाहेर आला नव्हता.

त्यामुळे कोणतेही जॅकेट हातात घेतल्यावर त्यात पाणी नेमके कितव्या थरावर अडते हे आधी विचारावे. लॅमिनेटेड जॅकेटमध्ये पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असतो, त्यामुळे पाणी वरच्या वर अडते. दुसऱ्या प्रकारात पडदा बाहेरचे कापड आणि आतले अस्तर यांच्यामध्ये सैल टांगलेला असतो, तर तिसऱ्या प्रकारात, म्हणजे आपल्यासारख्या जॅकेटमध्ये, तो सर्वांत आत आणि काढता येण्याजोगा असतो. शेवटच्या दोन्ही प्रकारांत बाहेरचे कापड भिजणारच. जॅकेटवरून घालायचा साधा रेनसूट मात्र पुन्हा सर्वांत बाहेरच पाणी अडवतो. म्हणजे आपल्यापुढचे खरे पर्याय दोनच आहेत: चांगले लॅमिनेटेड, किंवा हवेशीर जॅकेटवर वेगळा रेनसूट.

माझी पसंती दुसऱ्याला आहे, आणि त्याचे मुख्य कारण पाऊस नसून आर्मर आहे. तीन थरांचे जॅकेट आपण विकत घेताना सगळी अस्तरे आत ठेवून अंगाला बसवून पाहतो. उन्हात तीच अस्तरे काढली की जॅकेट दोन बोटे सैल होते, बाही हातावर फिरू लागते आणि कोपराचा आर्मर कोपरावरून सरकून दंडाच्या बाजूला येतो. पडण्याच्या क्षणी तो तिथे असून उपयोग नसतो. म्हणून जॅकेट फक्त एका पातळ शर्टावर घालून, गाडीवर बसून, हात हँडलवर ठेवून पाहावे. त्या स्थितीत खांदा, कोपर आणि गुडघा यांवरचे आर्मर हाताने ढकलून पाहावेत. ते सहज सरकत असतील तर ते माप आपले नाही. उबेसाठी जॅकेटच्या अस्तरावर अवलंबून राहण्यापेक्षा कृत्रिम तंतूंचे, मुठीत मावेल असे एक पातळ जाकीट वेगळे ठेवावे. ते मुक्कामी संध्याकाळीही घालता येते. पिसे भरलेले जाकीट मात्र टाळावे, कारण पिसे भिजली की त्यांची ऊब जवळजवळ संपते.

संरक्षणासाठी आतल्या लेबलवर ईएन १७०९२ हे २०२० चे युरोपीय मानक पाहावे. त्यात एएए, एए आणि ए अशा उतरत्या श्रेणी आहेत. बी श्रेणीत घर्षणापासून संरक्षण असते पण आर्मर असणे बंधनकारक नसते, आणि सी श्रेणीतला कपडा केवळ आर्मर जागेवर धरण्यासाठी असतो. लांबच्या प्रवासाला एए ही श्रेणी मला सर्वांत समतोल वाटते, कारण एएए कपडे बहुधा जड आणि उष्ण असतात, आणि उकाड्याने थकलेला चालक स्वतःच एक धोका असतो. सांध्यांच्या आर्मरसाठी ईएन १६२१-१ हे मानक आहे. ५० ज्यूलच्या आघातानंतर पलीकडे पोचणारे सरासरी बल लेव्हल १ मध्ये ३५ किलोन्यूटनपर्यंत, तर लेव्हल २ मध्ये २० किलोन्यूटनपर्यंतच असावे लागते. आपण खिंडीतून जाणार आहात म्हणून आणखी एक खूण पाहावी. मऊ आर्मर थंडीत कडक होतात, आणि ज्यावर ‘टी उणे’ ही खूण असते तो उणे १० अंशांवरही तपासलेला असतो.


प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील विज्ञानाशी मी पूर्ण सहमत आहे, पण निष्कर्षाशी नाही. रेनसूट कागदावर जितका सोयीचा दिसतो तितका डोंगरात सोयीचा राहत नाही.

डोंगरातला पाऊस एकदा येऊन थांबत नाही. तो दिवसातून चार-पाच वेळा येतो आणि जातो. प्रत्येक वेळी अरुंद रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायची, चिखलात एका पायावर तोल सांभाळत बुटावरून रेनपँट ओढायची, आणि वीस मिनिटांनी ऊन पडले की पुन्हा थांबून काढायची, हे तिसऱ्या वेळेनंतर कोणीही करत नाही. माणूस विचार करतो की आभाळ थोडेसेच भरले आहे, अजून दोन वळणे जाऊन पाहू. मग दुसऱ्या वळणावर सर येते आणि थांबायला जागाच नसते. माझे भिजण्याचे जवळजवळ सर्व प्रसंग रेनसूट पेटीत असताना घडले आहेत. तीन वर्षांपूर्वी मी लॅमिनेटेड जोड घेतला आणि तेव्हापासून पावसासाठी थांबणेच बंद झाले. मुक्कामी पोचल्यावर जॅकेट दोनदा झटकून टांगले की सकाळी कोरडे मिळते, कारण त्यात पाणी शिरलेलेच नसते.

त्याचे दोष लपवण्याचे कारण नाही. ते खर्चिक असते आणि नवे असताना कडक वाटते. हवा येते ती फक्त चेन उघडून, कारण उरलेल्या कापडातून वारा अजिबात शिरत नाही. म्हणून छातीवर, बाह्यांवर आणि पाठीवर थेट आत उघडणाऱ्या मोठ्या चेन असलेलेच घ्यावे. पाठीवरच्या चेन नसतील तर छातीतून आलेली हवा बाहेर पडत नाही आणि जॅकेट फुग्यासारखे फुगते.

लॅमिनेटेड कापडालाही निगा लागते. वरच्या थरावर पाणी न टिकू देणारी प्रक्रिया केलेली असते. धूळ, धूर आणि साबणाचा अंश यांनी ती मंदावते. छातीवर ओंजळभर पाणी उडवावे. थेंब मण्यांसारखे घरंगळले तर ती शाबूत आहे, आणि कापडाचा रंग गडद होत गेला तर ती थकली आहे. अशा वेळी मऊपणा आणणारे द्रव न वापरता सौम्य धुलाई करावी आणि लेबलवर परवानगी असेल तेवढीच उष्णता द्यावी. बहुतेकदा प्रक्रिया पुन्हा जागी होते. तेवढ्याने न झाल्यास फवारा मारावा.

कोणताही जोड घेतला तरी घरी एक चाचणी अवश्य करावी. संपूर्ण पोशाख घालून, आत फिकट रंगाचा सुती शर्ट व पायजमा घालून, शॉवरखाली स्टुलावर गाडीवर बसतो तसे पंधरा मिनिटे बसावे. उभे राहून ही चाचणी व्यर्थ आहे, कारण गाडीवर पाणी जमते ते मांड्यांच्या खोबणीत, पँटच्या पुढच्या चेनपाशी. रेनसूट असो की लॅमिनेटेड, पहिला ओला डाग बहुधा तिथेच दिसतो.


मूळ प्रश्नकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभारी आहे. पाणी कितव्या थरावर अडते हा विचार मी कधी केलाच नव्हता, आणि शॉवरखाली बसण्याची कल्पना आजच अमलात आणणार आहे. दोन शंका उरतात. माझी बोटे आखडली होती, म्हणजे हातमोज्यांचे काय करावे? आणि ३५ अंशांत, किंवा त्याहून अधिक उन्हात, लॅमिनेटेड जॅकेट सहन होईल का?


प्रतिसाद ३

हातांविषयी लिहितो, कारण माझ्या मते प्रवासातला सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे. ब्रेक, क्लच आणि थ्रॉटल ज्या बोटांनी चालवायचे ती बधिर झाली तर जॅकेटची श्रेणी काहीही असली तरी धोका टळत नाही.

आधी थंडीचा हिशेब पाहू. उंची दर १,००० मीटरने वाढली की तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरते, आणि वर ढग व पाऊस मिळाले की आणखी उतरते. हवा १० अंशांची असताना ताशी ८० किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला सुमारे ४ अंशांसारखा लागतो, असे अमेरिका व कॅनडा यांनी २००१ मध्ये स्वीकारलेले सूत्र सांगते. हे कोरड्या कातडीसाठी झाले. ओला हातमोजा घातलेल्या हाताची अवस्था याहून वाईट असते.

एका हातमोज्यावर बारा दिवस निघणार नाहीत. उन्हासाठी एक पातळ, हवेशीर जोड आणि पावसासाठी एक जलरोधक जोड, असे दोन हवेतच. जलरोधक जोड घेताना एक गोष्ट दुकानातच तपासावी: मोजा घालून हात बाहेर काढताना बोटांचे आतले अस्तर सोबत ओढले जाते का? हात ओला असताना हे अस्तर उलटून बाहेर येते आणि मग रस्त्याच्या कडेला, पावसात, पाचही बोटांच्या नळ्या पुन्हा आत सरळ ढकलणे जवळजवळ अशक्य होते. मी एकदा करंगळीची नळी मधेच दुमडलेल्या मोज्यात साठ किलोमीटर गाडी चालवली आहे आणि क्लच दाबताना प्रत्येक वेळी ती गाठ जाणवत होती. ज्यात अस्तर व पडदा बाहेरच्या कापडाला किंवा चामड्याला जोडलेले असतात ते मोजे थोडे अधिक किमतीचे असले तरी तेच घ्यावेत. मापही घट्ट नको. बोटांच्या टोकाशी थोडी हवा उरली नाही तर जाड मोजाही गार पडतो.

मनगटाशी मोजा बाहीच्या आत घालावा की बाहेर, यावर वाद होतात. हाताचा उतार कोणीकडे आहे ते पाहून ठरवावे. हात खांद्यापासून हँडलकडे खाली उतरत असेल तर बाहीवरचे पाणी मनगटाकडे वाहते, म्हणून मोजा बाहीच्या आत जायला हवा. हँडल उंच असेल आणि मनगट कोपराच्या पातळीला किंवा वर येत असेल, तर वारा पाणी उलटे बाहीत ढकलतो. तिथे लांब मनगटाचा, दोरीने आवळता येणारा मोजा बाहेरून घालावा. बुटांबाबत असा प्रश्न येत नाही, पँट नेहमी बुटाच्या बाहेरच हवी.

मानेशी रुमाल बांधण्याची सवय असेल तर सुती रुमाल पावसात काढून ठेवावा. तो कॉलरच्या वर भिजतो आणि दिव्याच्या वातीसारखे पाणी छातीपर्यंत खेचून नेतो. बाहीतून डोकावणाऱ्या सुती शर्टाच्या कडेचेही तेच होते. अंगालगतच्या थरासाठी सुती कापड सोडून बारीक लोकर किंवा घाम ओढून घेणारे कृत्रिम कापड वापरावे. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही, आणि दोन-तीन दिवस तोच शर्ट वापरला तरी तिला फारसा वास येत नाही. सामानाला जागा कमी असताना हा मोठा फायदा आहे.

गाडीच्या बॅटरीवर चालणारे तापणारे जाकीट घेण्याचा विचार असेल तर ते साधारण ५० ते ९० वॅट वीज ओढते हे लक्षात ठेवून गाडीची चार्जिंग क्षमता आधी पाहावी. छाती उबदार असेल तर शरीर हातांकडचा रक्तपुरवठा आखडता घेत नाही. त्यामुळे अशा जाकिटाचा फायदा बोटांना होतो. तापणाऱ्या ग्रिप तळवा गरम ठेवतात, पण वारा लागतो तो हाताच्या मागच्या बाजूला, म्हणून त्यांच्यासोबत हँडगार्ड असतील तरच पुरेसा उपयोग होतो.


प्रतिसाद ४

उन्हाच्या शंकेपुरते थोडक्यात लिहितो. कातडीचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून गार आहे तोवर वारा जितका अधिक तितके बरे, आणि तिथे जाळीचे जॅकेट निःसंशय सुखाचे ठरते. हवा ३८-४० अंशांच्या पुढे गेली की तोच वारा अंग तापवू लागतो आणि घाम गार करण्याआधीच उडवून नेतो. कातडी कोरडी वाटते, म्हणून आपण पाणी पीत नाही, आणि डोके दुखू लागते तेव्हा उशीर झालेला असतो. एवढ्या उन्हात चेन पूर्ण उघड्या न ठेवता थोड्याच उघडाव्यात, आत शर्ट ओला करावा आणि हवा सावकाश आत खेळू द्यावी. हे लॅमिनेटेड जॅकेटमध्येही जमते. उलट, जाळीच्या जॅकेटमध्ये ओला शर्ट दहा-पंधरा मिनिटांतच वाळून जातो.

लॅमिनेटेड जॅकेट खरे त्रासदायक होते ते गर्दीत, जिथे गाडी पायी चालण्याच्या वेगाने सरकते. आपल्या मार्गात असे तास किती आहेत ते मोजावे. ते फार असतील तर पहिल्या प्रतिसादातील सल्ला घ्यावा, नसतील तर दुसऱ्यातील. आपण एखादा विशिष्ट जोड पाहत असाल तर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील संस्थांनी २०१८ मध्ये सुरू केलेल्या मोटोकॅप या उपक्रमाचे निकालही पाहावेत. तिथे बाजारातून विकत घेतलेले कपडे तपासून संरक्षण आणि उष्ण हवेतील आराम यांना वेगवेगळे तारे दिले जातात. एकाच जॅकेटला पहिल्यात चार आणि दुसऱ्यात एक असेही तिथे पाहायला मिळते.


मूळ प्रश्नकर्ता

तीन आठवड्यांनंतर लिहितो आहे. माझ्या मार्गातील गर्दीचे तास मोजले तर बारा दिवसांत जेमतेम सहा निघाले, म्हणून पाठीवर दोन उभ्या चेन असलेले एए श्रेणीचे लॅमिनेटेड जॅकेट व पँट घेतली. माप एका पातळ लोकरी शर्टावर, गाडीवर बसूनच घेतले. त्यामुळे नेहमीपेक्षा एक माप लहान घ्यावे लागले आणि कोपराचा आर्मर आता जागचा हलत नाही. उबेसाठी वेगळे जाकीट टाकीवरच्या पिशवीत मावते.

शॉवरखालच्या चाचणीत मांडी आणि पुढची चेन कोरडी राहिली. गेल्या रविवारी दीड तास खऱ्या पावसात गेलो तेव्हा मात्र डावी बाही कोपरापर्यंत ओली निघाली. माझ्या गाडीचे हँडल उंच आहे आणि मोजे मी बाहीच्या आत घातले होते. परतीच्या वाटेवर ते बाहेरून घालून दोरी आवळली, पाऊस तसाच होता, आणि घरी पोचेपर्यंत आत एकही नवा थेंब गेला नव्हता. हेल्मेटचा पट्टा या वेळी मी स्वतःच सोडवला.